झावेनने पेला का उचलला

प्रिय गुर्गेन,

परवा तुला टीव्हीवर पाहिलं. छान दिसत होतास. दाढी कोरून घेतलीस ते बरं केलंस, आता अगदी आपल्या बाबांसारखा दिसतोस, फक्त बाबा इतके हसत नसत. शेजारची सिरानुश मला मुद्दाम बोलवायला आली होती. "अर्पेनिकबाई, धावा, तुमचा भाऊ लागलाय, परग्रहावरच्या माणसांबद्दल बोलतोय!" मी शेगडीवर जर्दाळूचा मुरंबा ठेवला होता, तो तसाच टाकून गेले. मुरंबा करपला. त्याचं काही नाही, यंदा जर्दाळू उदंड आलेत, पोरं झाडाखाली तुडवत हिंडताहेत. पण तुझं बोलणं ऐकून घरी आले आणि ते काळं भांडं घासायला घेतलं. तेव्हाच पत्र लिहायचं ठरवलं. फोन करता आला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी "गुर्गेन" एवढं म्हणेपर्यंत तुझे तीन विनोद सांगून झालेले असतात. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र.

त्या निवेदकाने सुरुवातीलाच विचारलं, पृथ्वीबाहेर कुठे बुद्धिमान प्राणी असतील का. प्रश्न साधाच आहे, माणूस उघड्यावर अंथरूण टाकायला लागल्यापासून विचारत असेल. तू त्यावर बऱ्याच चांगल्या गोष्टी सांगितल्यास, तारे किती, ग्रह किती, अंतरं केवढी. सगळ्या माझ्या झावेनच्या होत्या, पण असू दे, ज्ञानावर कुणाची मालकी नसते. मग निवेदक जरा चुळबुळला, आणि तू ओळखलंस की गडी कंटाळलाय. लगेच खुर्चीत पुढे सरकलास. "एक गंमत सांगतो," म्हणालास, "आमचे दाजी होते, देवमाणूस, पण भोळे. आकाशातल्या पाहुण्यांची इतकी वाट बघत होते की मेजवानीत मी नुसता पेला उचलला तर हे उभे! परग्रहवाल्यांच्या तब्येतीसाठी घटाघट प्यायले! आठवड्याभरात मॉस्कोच्या पेपरात फोटो!" आणि मग तू खुर्चीतून उठून करून दाखवलंस, झावेन कसा उभा राहिला ते. पेला छातीशी, नजर वर ढगांत. सगळा स्टुडिओ हसला. सिरानुशही हसली, मग माझ्याकडे पाहून तिने तोंडावर हात ठेवला. गुर्गेन, झावेनने वर पाहिलं नव्हतं. त्याने तुझ्याकडे पाहिलं होतं. मी लव्हाशच्या रोट्यांची टोपली घेऊन चार पावलांवरच उभी होते.

तासाभरात नुनेचा फोन आला. तिकडे लियोंला तिने छपरावर तबकडी बसवून घेतलीय, आपली वाहिनी दिसावी म्हणून. हसून हसून तिचा आवाज बसला होता. "आई, मामाने काय धमाल उडवली गं! बाबा अगदी डोळ्यांपुढे उभे राहिले. बिचारे बाबा!" मी म्हटलं, बिचारे का? तर म्हणाली, "अगं, थोडे वेडे तर होतेच ना ते. तू त्यांची बायको, तुला कसं दिसणार?" दिवसभर लोकांच्या दाढा तपासणारी माझी शहाणी लेक आपल्या बापाबद्दल मला हे सांगते. तिला तरी काय बोलू? शाळेत तिचं नावच पडलं होतं 'हिरव्या माणसांची पोर'. पोरं तिच्या दप्तरात गवत कोंबायची आणि म्हणायची, "घरी पाहुणे उतरलेत ना, त्यांना चारा." एकदा नव्या बाईंनी वडिलांचं नाव विचारलं तर हिने तुझं सांगितलं. आपल्याकडच्या कितीतरी बायका लग्नानंतरही बापाचंच आडनाव लावतात, हिने ते हट्टाने टाकलं. नातवाला आजोबाचं नाव ठेवायचं, ही रीत मी तिला सांगायला हवी होती का? तिने मुलाचं नाव गुर्गेन ठेवलं. माझ्या एकुलत्या एका नातवाला मी हाक मारते तेव्हा दर वेळी माझ्या तोंडी तुझं नाव येतं.

तुला झावेन आठवतो का रे, की आता फक्त त्याचा किस्साच आठवतो? आई गेली तेव्हा तू मिसरूडही न फुटलेला होतास. बाबांनी तुला आमच्याकडे पाठवलं, वेधशाळेच्या त्या दोन खोल्यांत. तू स्वयंपाकघरात झोपायचास, आणि झावेन पहाटे दुर्बिणीकडून परतला की तुझी झोप मोडू नये म्हणून बूट हातात घेऊन आत यायचा. तुला गणित त्याने शिकवलं. वेधशाळेत चिकटवलं त्याने, त्यासाठी संचालकाच्या दारात दोनदा उभा राहिला. तो स्वतःसाठी कधी कुणाच्या दारात उभा राहिला नाही. तू त्याला छेडायचास, "दाजी, खरं सांगा, तिकडे कुणी आहे का हो?" तो म्हणायचा, "माहीत नाही." "अहो, पण वाटतं काय?" "वाटायला काय, मला वाटतं तुझी बहीण आज पुन्हा मीठ विसरलीय. चाखल्याशिवाय बोलू नये." मनातून त्याला वाटायचं की असावेत. पण भेट होणार नाही, असंही वाटायचं. डोंगराच्या दोन अंगांना दोन मेंढपाळांनी शेकोट्या पेटवल्या, आणि एकाची विझल्यावर दुसऱ्याची पेटली, तर दोघंही शपथेवर सांगतील की डोंगरावर मी एकटाच होतो, असं म्हणायचा. बुद्धी जन्माला येणं एक वेळ सोपं, ती आपल्याच पायावर धोंडा पाडून न घेता टिकणं कठीण. आणि त्याचा तो नियम तर साऱ्या वेधशाळेला पाठ होता: दुसऱ्या दुर्बिणीने ऐकल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. दूध नासलंय असं मी म्हटलं तरी तो शेजारणीला वास घ्यायला लावायचा. असा माणूस भोळा, गुर्गेन?

त्या सप्टेंबरातलं सगळं मला लख्ख आठवतं, कारण तेव्हा मी तुमच्या दोघांचं ऐकत चहा ओतत असे. वेधशाळेची रेडिओ दुर्बीण काही फिरणारी नव्हती. जाळीचा एक भलामोठा जबडा, कायम एकाच दिशेला उघडा. तारे त्याच्यासमोर यायचे आणि सरकून जायचे. एक दिवस त्यात काहीतरी आलं. कागदावरची लेखणी चढायला लागली, उतरायला लागली, पुन्हा चढायला लागली, श्वासासारखी नेमकी. दुसऱ्या दिवशी पुन्हा, पण चार मिनिटं आधी. तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात, माणसाची यंत्रं मात्र घड्याळाने चालतात, आणि हे ताऱ्यांची वेळ पाळत होतं. तू तर नाचायचाच बाकी होतास. झावेन न्याहरीला बसला आणि म्हणाला, "वेळ ताऱ्याची पाळतंय, पण ताऱ्यासारखं सरकत नाही. समोर येतं आणि ठाण मांडून बसतं. मला हे आवडलेलं नाही." तुझ्या हातात अंड्याचा घास होता, तो तसाच राहिला. मला वाटलं, किती मन लावून ऐकतोय माझा भाऊ. झावेनने गोर्की शहरातल्या वेधशाळेतल्या मित्राला कळवलं, तुझी दुर्बीण इकडे वळव आणि ऐक. उत्तर येईपर्यंत ही गोष्ट आपल्या तिघांत राहायची होती.

आणि त्याच आठवड्यात ती परिषद. जगभरची मोठमोठी माणसं आपल्या डोंगरावर जमली होती, पृथ्वीबाहेर बुद्धी आहे की नाही यावर भांडायला. झावेनने यंत्रातल्या खरखरीवर एक रटाळ निबंध वाचला आणि खाली बसला. ज्या बातमीसाठी त्या सभेतल्या एकेकाने आपला उजवा हात दिला असता, ती पोटात ठेवून तो तीन दिवस त्यांचे वाद ऐकत होता. शेवटच्या दुपारी अक्रोडाच्या झाडांखाली मेजवानी मांडली. आम्ही बायका सकाळपासून राबत होतो. मेजवानी चालवणारा तमादा म्हणून अर्थातच तू, मेज रंगवावं तर तुझ्या जिभेनेच. आणि आपल्या मेजावर तमादा म्हणजे राजा. तो ज्याच्या नावाने पेला उचलेल त्याने उठायचं, बाकीच्यांनीही उठायचं, आणि ज्याच्यासाठी सगळे उठले त्याने आधी पेला रिकामा करायचा, तोवर कुणी ओठाला लावायचा नाही. पाहुण्याला भरला पेला घेऊन ताटकळत ठेवण्यापरीस मेलेलं बरं, हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं असतं.

पाहुण्यांच्या नावाने झालं, आयांच्या नावाने झालं, गेलेल्यांच्या नावाने झालं. मग तू उठलास. "मंडळी, तीन दिवस तुम्ही डोकी फोडलीत की तिकडे कुणी आहे का. आणि या मेजावर एक माणूस मुकाट्याने चीज खातोय, ज्याच्या दारावर टकटक झालीय! त्याला विचारू नका, तो सांगायचा नाही. माझी बहीण लग्नाला हो म्हणाली तेव्हा यानं परत एकदा विचारून खात्री केली होती!" लोक खदखदा हसले, मीसुद्धा हसले. "उठा दाजी! ज्यांनी आपल्याला हाक मारली त्यांच्या नावाने!" झावेन उठला नाही. दुभाष्याचं सांगून झालं आणि एक एक करत सगळे उभे राहिले. तो इंग्लंडचा म्हातारा शास्त्रज्ञ मेजाला धरून कसाबसा उठला, वाइन बाहीवर सांडत होती. तू म्हणालास, "दाजी, पाहुणे उभे आहेत." फक्त एवढंच, अगदी हळू. झावेनने तुझ्याकडे पाहिलं आणि तो उभा राहिला. "दुसऱ्या दुर्बिणीने अजून ऐकलेलं नाही," तो म्हणाला, पण ते कुणी भाषांतरित केलं नाही, तोवर एकच गलका झाला होता. मग तो प्यायला. मॉस्कोचा तो वार्ताहर कोर्झिन कॅमेरा घेऊन नेमका समोर बसला होता. त्याला तिथे कुणी बसवलं, हे मला पुढे फार उशिरा कळलं.

फोटोखाली छापलं होतं, 'परग्रहाची हाक ऐकलेला शास्त्रज्ञ', ते तुला पाठ आहे, परवा तू म्हणून दाखवलंसच. गोर्कीच्या मित्राने फोनवर एकच वाक्य सांगितलं, "जे ऐकलंस ते विसर, मलाही विसरायला सांगितलंय," आणि फोन ठेवला. आमच्याकडे दोन माणसं आली आणि लेखणीचे सगळे कागद घेऊन गेली. पंधरा दिवसांनी त्याच पेपरात आलं की यंत्रात बिघाड होता आणि संबंधित संशोधकाने उतावीळपणा केला. उतावीळ, आणि झावेन! मग विनोद सुरू झाले. तुला सगळ्यांत आवडायचा तो, सांगू? त्या काळी सगळे विनोद येरेवान रेडिओच्या नावावर खपायचे, त्यातलाच. येरेवान रेडिओला विचारलं, दुसऱ्या ग्रहावर बुद्धिमान प्राणी आहेत का? उत्तर आलं: आहेत, म्हणूनच ते झावेनशी बोलले नाहीत. बसमध्ये माझ्या मागच्या बाकावर कुणीतरी हा सांगितला आणि अख्खी बस हसली. मी दोन थांबे आधीच उतरले आणि घरापर्यंत चालत आले.

झावेनने कोडं महिन्याभरात सोडवलं. जेवणाच्या मेजावर पेन्सिल घेऊन बसायचा, चहा गार व्हायचा. एका सकाळी म्हणाला, "हे माणसाचं आहे, अर्पेनिक, आणि आपल्याच माणसांचं. उत्तरेला खूप उंच चढवलंय, तिथे ते तासन् तास टांगल्यासारखं राहतं. आणि ताऱ्यांच्या एका दिवसात नेमक्या दोन फेऱ्या घालतं, म्हणून ताऱ्यांची वेळ पाळतं. कुणावर तरी पाळत ठेवायला सोडलंय." त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता रे, कोडं सुटल्याचा निव्वळ आनंद. मग लक्षात आलं की हे कुणाला सांगता यायचं नाही. सरकारच्या गुप्त यानाबद्दल एक ओळ लिहिली असती तर तुरुंग ठरलेला. म्हणजे जगाने त्याला हसायचं, आपण का चुकलो हे त्याला ठाऊक असायचं, आणि त्याने मूग गिळून बसायचं. त्याच सकाळी तू न्याहरीला आलास. वसंतात तू क्रिमियाला कसल्याशा न सांगण्याजोग्या कामावर जाऊन आला होतास, म्हणून त्याने तुला सरळ विचारलं, "गुर्गेन, तुला माहीत होतं का?" तू मेजावरच्या भाकरीवर हात ठेवलास. "या भाकरीची शपथ, दाजी, नाही." झावेनने पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मी एकदा शंका काढली तर माझ्यावर रागावला, "भाकरीवर हात ठेवून कुणी खोटं बोलत नाही. आणि तो तर आपला पोरगा आहे."

नव्या वर्षाला तू विभागप्रमुख झालास. मग येरेवानचा फ्लॅट, मग प्रागचा दौरा, मग पॅरिसचा. झावेनला दुर्बिणीपासून हलवून खाली गावातल्या दुग्धविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायला पाठवलं, चीज बनवायला शिकणाऱ्या पोरांना. ती फळ्यावर मोठाल्या कानांची हिरवी माणसं काढून ठेवायची. झावेन ती पुसायचा नाही, खडू घेऊन दुरुस्त करायचा. "डोक्यावरची अँटेना अशी वाकडी असेल तर याला काहीच ऐकू येणार नाही, सांगा बरं का?" आणि तिथूनच धडा सुरू करायचा. मला वाटायचं, भांडावं, ओरडावं, एक तरी भांडं फोडावं त्याने. तो म्हणायचा, "गुर्गेनचं तर भलं झालं ना?" तू घरी आलास की मांसाचा चांगला तुकडा तुझ्या ताटात. नुने शिकायला तुझ्याकडे येरेवानला येऊन राहिली तेव्हा त्याला केवढं समाधान, पोरीला मामाची सावली आहे म्हणून. सुट्टीत ती इथे यायची तेव्हा बापाशी नीट बोलायचीसुद्धा नाही, आणि हा तिला दारापर्यंत सोडायला जायचा, तिची पिशवी धरून. देश फुटल्यानंतरच्या त्या अंधाऱ्या हिवाळ्यात, वीज नाही, सरपण नाही, तो अंगात कोट घालूनच अंथरुणाला खिळला. विमानं बंद होती, नुने लियोंहून येऊ शकली नाही. जाण्याआधी मला विचारत होता, गुर्गेनकडे रॉकेल असेल ना.

तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी माणसं जेवून गेली, आणि तू मागे राहिलास. दिवस अजून उजेडाचा होता, बर्फावरून खिडकीत लख्ख येत होता. तू जमिनीवर बसलास आणि लहानपणी ठेवायचास तसं माझ्या मांडीवर डोकं ठेवलंस. "ताई, मला माहीत होतं." मला आधी कळलंच नाही तू कशाबद्दल बोलतोयस. मग तू सगळं सांगितलंस. ते यान काय आहे ते तुला क्रिमियातच कळलं होतं. दाजींच्या दुर्बिणीत ते दिसतंय हे गुप्त पोलिसांच्या त्या गादी मारलेल्या दाराच्या खोलीत तूच जाऊन सांगितलंस. आणि मेजवानीच्या आदल्या दिवशी त्यांनी तुला बोलावून सांगितलं की परदेशी लोकांनी खोलात शिरायच्या आत याचं हसं झालं पाहिजे, हिरव्या माणसांबद्दल कुणी गंभीरपणे विचारत नाही. सुंठीवाचून खोकला गेला त्यांचा. कोर्झिनची खुर्चीही तूच ठरवलीस. "मी फक्त पेला उचलला, ताई. नाही म्हटलं असतं तर मी संपलो असतो." केसाने गळा कापतात म्हणतात तो असा. तू रडत होतास आणि माझा हात आपोआप तुझ्या केसांतून फिरत होता, तीस वर्षांची सवय. मग तू म्हणालास, "नुनेला सांगू नकोस. तिला आता माझ्याशिवाय कोण आहे? ती मोडून जाईल." आणि माझ्याकडून आईच्या आत्म्याची शपथ घेतलीस.

ती मी पाळली. सिरानुशला नाही, पाद्रीबाबांना नाही, नुनेला तर नाहीच. मी म्हटलं, म्हातारा होईल, आपणहून सांगेल. ज्या देशाची गुपितं तू जपत होतास तो देशच उरला नाही. ती यानं आता शाळेच्या पुस्तकात असतात चित्रासकट, पोरं त्यांना रंग देतात. परवा तुझ्यासमोर कॅमेरा होता, प्रश्न तोच होता, आणि तुला एकच वाक्य बोलायचं होतं: आमचे दाजी बरोबर होते, त्यांना शंका आली होती, आणि ते काय आहे हे मला माहीत होतं. कुणी तुला तुरुंगात टाकणार नव्हतं. झालं असतं ते एवढंच की लोक हसले नसते. तुला ते परवडलं नाही. मेलेल्या माणसाचं पुन्हा एकदा हसं केलंस, या खेपेला तर कुणी तुला सांगितलंही नव्हतं, निव्वळ टाळ्यांसाठी. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पाहिलेत मी, पण तू वासे मोजून झाल्यावर घर पेटवलंस, आणि वर त्या उजेडात नक्कल करून दाखवलीस. पृथ्वीबाहेर बुद्धिमान प्राणी आहेत का, मला ठाऊक नाही. असले तर त्यांनी इकडे फिरकू नये. झावेनला ते भेटले नाहीत याचं मला आता वाईट वाटत नाही. बुद्धी काय करू शकते हे त्याला आपल्याच न्याहरीच्या मेजावर दिसलं असतं, पण त्याने पाहायचं नाकारलं, आणि तेवढ्यापुरता मात्र तो खरंच भोळा होता.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. नुने मुलाला घेऊन येत्या शनिवारी येतेय. विमानतळावरून ती आधी तुझ्याकडे उतरेल, नेहमीसारखी, आणि रविवारी सकाळी माझ्याकडे डोंगरावर येईल. मी तिला फोनवर सांगून ठेवलंय की मामाकडे तुझ्या बाबांबद्दल एक गोष्ट आहे, त्याच्याकडूनच ऐक, आणि ती हसण्यासारखी नाही. आईच्या आत्म्याची शपथ मी आज मोडतेय, आईला काय सांगायचं ते माझं मी पाहीन. शनिवारची अख्खी संध्याकाळ तुझी आहे. जशी सांगायची तशी सांग, रड, त्या खोलीतल्या माणसांवर ढकल, तिचा तुझ्यावर जीव आहे, कदाचित तुला माफही करेल. मला त्याची हरकत नाही. पण रविवारी ती माझ्या दारात आली आणि अजूनही "बिचारे बाबा" म्हणाली, तर मी तिला आणि तुझं नाव लावणाऱ्या त्या पोराला समोर बसवून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगेन, आणि मी सांगितलं तर त्यात माफीला जागा राहणार नाही. तू तुझ्या दाजींना मेजावर उभं करण्याआधी एका शब्दाने सावध केलं नव्हतंस. मी तुला चार दिवस आधी कळवतेय. आपण एकाच आईची लेकरं आहोत, तेव्हा निदान एवढा तरी फरक आपल्यात मला ठेवायचा आहे.

तुझीच, काही केल्या दुसऱ्या कुणाची होता न येणारी,
ताई